अर्जदार, राहणार मागची गल्ली

निर्धन प्रियकराने सधन प्रेयसीला उद्देशून गायिलेले गीत, त्यावर तालासुरांचा कितीही तलम पोशाख चढविला तरी, अंतर्यामी एक अर्जच असते, आणि ज्यांनी आपल्या आयुष्यातील काही काळ मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात व्यतीत केला आहे त्यांना तरी हे निराळे सांगण्याची आवश्यकता पडू नये. अर्जाची सर्व अंगे तेथे यथास्थित उपस्थित असतात. प्रथम मायना, ज्यात समोरच्या व्यक्तीचा दर्जा, निवासस्थान आणि कुलशील यांचा आदरपूर्वक उल्लेख होतो. नंतर अर्जदाराची हलाखी, शक्य तितक्या करुण स्वरात. त्यानंतर प्रतिस्पर्धी अर्जदारांविषयी दोन शब्द, वरकरणी निःपक्षपाती पण आतून विखारी. आणि सरतेशेवटी विनंती, की सदरहू परिस्थितीचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन अर्जदारास प्रेयसीच्या हृदयाचा शांततापूर्ण कब्जा मिळावा. भेद इतकाच, की कचेरीतील अर्जाला कोर्ट फीचे तिकीट लावावे लागते आणि त्यावर ‘पाहिले’ असा शेरा पडून तो फडताळात चिरविश्रांती घेतो. या अर्जाची मात्र तबकडी निघते आणि ती लाखांनी खपते.

या प्रकारातील आदर्श नमुना म्हणून अमेरिकन गायक बिली जोएल याचे १९८३ सालचे ‘अपटाउन गर्ल’ हे गीत निःशंकपणे पुढे करता येईल. ‘ॲन इनोसंट मॅन’ या ध्वनिमुद्रिकेतील हे गीत अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि ब्रिटनमध्ये तर पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर उत्तरेच्या दिशेने चालत गेले असता सेंट्रल पार्कच्या पूर्वेस धनिकांची जी वस्ती लागते, त्या वस्तीत वाढलेली एक कन्या आणि मागच्या गल्लीतला एक तरुण, एवढाच या गीताचा मामला आहे. अर्जदाराचे म्हणणे असे, की ही कन्या वरच्या वस्तीतील तरुणांच्या उंची भेटवस्तूंना आणि एकंदर त्या निर्जंतुक जीवनक्रमाला विटली असावी. ती विटली आहे असे तिने कोठे म्हटल्याचा पुरावा अर्जासोबत जोडलेला नाही. तिच्या आईने तिला मागच्या गल्लीतील तरुणांविषयी काहीही सांगितलेले नाही याबद्दलही अर्जदाराने सौम्य खेद व्यक्त केला आहे; जणू मुलगी वयात आली की मागच्या गल्लीतील तरुणांची नावनिशीवार यादी तिच्या हाती देणे हे आयांचे कर्तव्यच असते.

परंतु या अर्जातील खरी मेख मोत्यांच्या कलमात आहे. तूर्त आपण मोती खरेदी करू शकत नाही, हे अर्जदार प्रांजळपणे मान्य करतो. मात्र पुढेमागे नशिबाचा फेरा फिरला म्हणजे तेही होईल, असे तो लगोलग सुचवून ठेवतो. आमच्या जुन्या सावकारी व्यवहारात हुंडीचे दोन प्रकार सर्वश्रुत होते: दाखविताक्षणी जिचे पैसे मोजावे लागत ती दर्शनी हुंडी, आणि ठरावीक दिवसांनी जिचे पैसे द्यावयाचे ती मुदती हुंडी. प्रियकराची ही मोत्यांची हुंडी दर्शनी नाही हे उघडच आहे. परंतु तीत मुदतही घातलेली नसल्यामुळे ती मुदतीही ठरत नाही, आणि असला कागद घेऊन कोणी नाशकातल्या किंवा साताऱ्यातल्या पेढीवर गेला असता, तर मुनीमजींनी चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले असते ती दृष्टी प्रेमगीतकारांच्या वाट्याला सहसा येत नाही, हे त्यांचे सद्भाग्य होय.

कोणाही मराठी श्रोत्याला हे गीत ऐकताना जी एक अस्वस्थता जाणवते तिचे कारणही येथेच असावे. ज्या समाजात स्थळ आले की पहिल्या चहाचा कप खाली ठेवण्याच्या आत पगार हातात किती पडतो, नोकरी कायमची की हंगामी, जागा स्वतःची की भाड्याची आणि पाठच्या किती बहिणी अजून उजवायच्या राहिल्या आहेत, एवढी चौकशी मुलीचा मामा अत्यंत प्रेमळ चेहऱ्याने उरकून घेतो, त्या समाजात वाढलेल्या माणसाला संपूर्ण गीत ऐकूनही तरुणाच्या मासिक प्राप्तीचा आकडा कोठेच सापडू नये, ही गोष्ट चटका लावणारी आहे. गरिबी आहे म्हणतो, पण किती? कर्ज आहे काय, असल्यास व्याजाचा दर काय? गाण्याला पुष्कळ कडवी असूनही हे तपशील बसविण्यास जागा झाली नाही, आणि लयीत न बसणारी माहिती दडविण्याची ही सोय आम्हा गद्य माणसांना उपलब्ध नाही.

या गीताचे जे चित्रण दूरचित्रवाणीसाठी करण्यात आले त्यात बिली जोएल हा मोटारदुरुस्तीच्या कारखान्यातील मेस्त्री दाखविला आहे. अंगात कामगाराची डांगरी, अवतीभवती त्याच जातकुळीतले सहकारी, आणि अशा त्या तेलकट स्थळी दिमाखदार मोटारीतून उतरते ती ख्रिस्टी ब्रिंकली, त्या काळातील अमेरिकेची एक अग्रगण्य मॉडेल. तिला पाहताच कारखान्यातील यच्चयावत् मेस्त्री हातातील पाने खाली ठेवून गाऊ व नाचू लागतात. आमच्याकडील गॅरेजांत इतका उत्साह ग्राहकाची गाडी दुरुस्त करण्याच्या कामीसुद्धा दृष्टोत्पत्तीस येत नाही, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. शेवटी नायक तिला मोटारसायकलवर मागे बसवून निघून जातो आणि गीतात जो अर्ज केवळ दाखल झाला होता तो चित्रात मंजूर होतो. भर कामाच्या वेळी मेस्त्री कोणाच्या परवानगीने गेला, मोटारीचे बिल कोणी चुकते केले, तिच्यात मुळात बिघाड तरी काय होता, हे प्रश्न विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. मालक नावाची संस्थाच त्या कारखान्यातून अंतर्धान पावली आहे, आणि ज्या जगात मालक नाही तेथे गरिबी इतकी आल्हाददायक वाटावी यात नवल ते कोणते?

आता अर्जदाराच्या दाखल्याकडे वळू. ही डांगरी ज्याने अंगावर चढविली होती तो इसम त्या वेळी हलाखीत दिवस कंठीत होता असा कोणाचा समज झाला असल्यास तो दूर करणे भाग आहे. १९७७ सालच्या ‘द स्ट्रेंजर’ने तो घरोघर पोहोचला होता, पुढच्याच वर्षीच्या ‘फिफ्टी सेकंड स्ट्रीट’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले होते. गीताची जन्मकथा तर याहून उद्बोधक आहे आणि ती त्याने स्वतःच सांगितलेली आहे: कॅरिबियन समुद्रातील सेंट बार्ट्स या धनिकांच्या विश्रांतिस्थानी सुट्टी घालविण्यास गेला असता तो एका हॉटेलात पियानो वाजवीत बसला, आणि मान वर करून पाहतो तो त्या पियानोभोवती ख्रिस्टी ब्रिंकली, एल मॅक्फर्सन आणि अद्याप गायिका म्हणून प्रसिद्धीस न आलेली, मॉडेल म्हणून वावरणारी व्हिटनी ह्यूस्टन अशा सुंदरी उभ्या. गीताचा आरंभीचा आराखडा अशा अनेक सुंदरींना मिळून होता. पुढे संख्या कमी होत होत एकवचनावर येऊन ठेपली. मागच्या गल्लीतील ज्या मेस्त्र्याला सेंट बार्ट्स परवडते, त्याच्या गल्लीचा पत्ता मिळाल्यास पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबे आपली पुढची जागा तेथेच घेतील.

तरीसुद्धा त्याला सरसकट तोतया ठरविण्यास माझे मन धजत नाही. त्याचा आजा कार्ल आम्सोन जोएल याने जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे टपालाने कापडचोपड विकण्याचा व्यवसाय उभारून तो मोठ्या भरभराटीला आणला होता. तो ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत १९३८ साली ती सबंध पेढी योझेफ नेकरमान नावाच्या एका इसमाच्या घशात कवडीमोलाने घालणे त्याला भाग पडले, आणि कुटुंब स्वित्झर्लंड, क्युबा असे आश्रय शोधीत न्यूयॉर्कला आले. नातू वाढला तो लाँग आयलंडवरील हिक्सव्हिल गावी, महायुद्धानंतर लेव्हिट कंपनीने एकाच साच्यातून काढावीत तशी जी हजारो घरे बांधली त्यांपैकी एका घरात. आईबापांचा काडीमोड झाला, बाप युरोपात परत गेला, आईने मुलांना वाढविले. आणि मुलगा रात्री बारमध्ये पियानो वाजवून पहाटे झोपत असल्यामुळे परीक्षा चुकून शाळेचा दाखला न घेताच बाहेर पडला. म्हणजे गरिबी खरी होती. १९८३ सालापर्यंत ती केवळ मुदतबाह्य झाली होती. संपत्तीतील अंतराची जी खरी कथा या घराण्याच्या दफ्तरी जमा होती, तीत एका सहीनिशी एका माणसाची पेढी दुसऱ्याची झाली होती. त्या कथेवर चुटक्या वाजवीत गाता येईल असे गीत होत नाही. मोटारदुरुस्तीचा कारखाना त्या मानाने पुष्कळ सोयीचा.

अर्जाची निदान एक फलश्रुती झाली. २३ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्क बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या सान्निध्यात एका बोटीवर बिली जोएल आणि ख्रिस्टी ब्रिंकली यांचा विवाह संपन्न झाला. १९९४ साली घटस्फोट झाला. मंजूर झालेल्या अर्जांचीही पुढेमागे फेरतपासणी होते, हे महसूल खात्यातील मंडळींना नव्याने सांगावयास नको.

बिली जोएलने या गीतातील उंच टिपेचा स्वर ज्यांच्याकडून उघड उघड उसना घेतला, आणि उसनवारीची कबुलीही दिली, ते फ्रँकी व्हॅली आणि त्याचे ‘फोर सीझन्स’ हे मंडळ. हे मंडळ न्यू जर्सीचे. त्याचे नाव ‘वसंतऋतू आला’ वगैरे काव्यमय प्रेरणेतून आलेले नसून ज्या बोलिंगच्या अड्ड्यावर त्यांना गाण्याची नोकरी नाकारण्यात आली त्या अड्ड्याच्या पाटीवरून आलेले आहे, आणि नकार मिळालेल्या दाराचे नाव स्वतःस लावून घेण्याइतका दिलदारपणा मी अन्य कोणत्याही उमेदवारात पाहिलेला नाही. १९६४ साली त्यांनी ‘डॉन, गो अवे’ हे गीत गायिले. त्यातील तरुणाची भूमिका प्रचलित अर्जदारांच्या अगदी विरुद्ध आहे: तू माझ्याजवळ भविष्य नसताना येथे का थांबतेस, त्या दुसऱ्या सधन गृहस्थाकडे जा, असे तो तिलाच विनवितो. म्हणजे हा अर्ज मागे घेण्याचा अर्ज. इतका व्यवहारज्ञ प्रियकर प्रेमगीतांच्या इतिहासात विरळा. त्याच्या हाती कन्येच्या पित्याने डोळे मिटून किल्ल्या सोपवाव्यात. दुर्दैव असे, की हे गीत तिसऱ्या क्रमांकावर येऊन अडकले, कारण वरच्या दोन्ही जागा नुकत्याच अमेरिकेत उतरलेल्या बीटल्सनी अडवून ठेवल्या होत्या. त्याग करणाऱ्याला रांगेतही मागेच उभे राहावे लागते.

त्याच वर्षी त्यांच्या ‘रॅग डॉल’ने पहिला क्रमांक पटकावला. येथे पारडे उलटे आहे: मुलगा सुस्थितीतला, मुलगी चिंध्या पांघरणारी, आणि घरच्यांची अर्थातच मनाई. गीतकार बॉब गॉडिओ याची मोटार न्यूयॉर्कमध्ये एका लांबलेल्या तांबड्या दिव्यापाशी थांबली असता एक मळकट मुलगी पुढे येऊन काच पुसू लागली. बक्षीस देण्यासाठी त्याने पाकीट उघडले तो सुटे नाणे एकही नाही, आणि निरुपायाने मोठी नोट तिच्या हाती ठेवावी लागली. तिच्या मुद्रेवरील तो विस्मय त्याच्या चित्तातून जाईना, म्हणून हे गीत. नोट किती डॉलरची होती याविषयी ठिकठिकाणी निरनिराळे आकडे आढळतात, आणि दानाच्या कथेत रक्कम स्थिर राहत नाही हा नियम सर्व देशांत सारखाच पाळला जातो असे दिसते. मला मात्र कौतुक वाटते ते त्या सुट्या पैशांच्या अभावाचे. गॉडिओच्या खिशात एखादे चिल्लर नाणे निघाले असते तर मुलगी सलाम करून पुढच्या मोटारीकडे गेली असती, दिवा हिरवा झाला असता, आणि जगाला एका अग्रमानांकित गीताला मुकावे लागले असते. बसच्या वाहकांनी यापुढे सुट्याच्या प्रश्नाकडे या व्यापक दृष्टीने पाहावे.

या सर्व गीतांना एक गुळगुळीतपणा असतो, आणि गुळगुळीतपणा ही अत्यंत खर्चाची बाब आहे, हे श्रोत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. जॉनी रिव्हर्स याचेच पाहा. लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की ए गो गो’ या क्लबात तो थोड्याथोडक्या वाद्यांनिशी नाचाची दणदणीत गाणी गात असे आणि तेवढ्यावर त्याचे उत्तम चालले होते. १९६६ साली त्याला गरिबीचा पुळका आला. ‘पुअर साइड ऑफ टाउन’ हे त्याचे गीत गावाच्या गरीब बाजूला राहणाऱ्या तरुणाचे आहे. एका धनिकाने चार दिवसांचे खेळणे म्हणून वापरून टाकून दिलेली त्याची प्रेयसी परत आली आहे आणि तो उदार मनाने तिचे स्वागत करीत आहे. परंतु या दरिद्री स्वागतासाठी केवढी सामग्री! व्हायोलिनांचा ताफा काय, मागून हुंकार देणाऱ्या गायिका काय. क्लबात रांगडी गाणी गाताना ज्या माणसाला मोजके साथीदार पुरत, त्याला आपले दारिद्र्य निवेदन करण्यासाठी सबंध वाद्यवृंद भाड्याने घ्यावा लागला. गीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि रिव्हर्सच्या कारकिर्दीत त्या स्थानी गेलेले ते एकमेव होय. वस्तुतः गावाच्या गरीब बाजूला एका खोलीत राहणाऱ्या तरुणाकडे इतके व्हायोलिनवादक येऊन बसले, तर त्यांना चहा पाजतापाजताच त्याचे दिवाळे वाजावयाचे.

संपत्तीकडे तिरक्या नजरेने पाहणारी गीतेही आहेत. फिलाडेल्फियाच्या डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या जोडीचे ‘रिच गर्ल’ १९७७ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. बापाच्या पैशावर विसंबून बेमुर्वतपणे वागणाऱ्या एका मुलीची त्यात इतक्या मुलायम आवाजात हजेरी घेतली आहे, की तिने स्वतः ऐकले तरी ठेका धरावा. गंमत अशी, की ही मुलगी मुळात मुलगी नव्हतीच. हॉलच्या सहचारिणीचा पूर्वीचा एक मित्र, खानावळींच्या धंद्यात गबर झालेल्या बापाचा चिरंजीव, हा या गीताचा खरा नायक; परंतु श्रीमंत मुलगा म्हटले तर ते कानाला गोड लागेना, म्हणून हॉलने त्याचे लिंग बदलले आणि काम भागविले. श्रीमंत मुलाने बापाचे पैसे उधळले तर त्याला धडाडी म्हणतात, मुलीने उधळले तर तिच्यावर गाणे होते. छंदशास्त्राच्या आड लपून केलेल्या अन्यायांत याचा क्रमांक बराच वर लागावा.

आम्हांला तरी हसण्याचा फारसा अधिकार कोठे आहे? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी प्रेक्षकाने आश्रमातील निष्कांचन कन्या आणि चक्रवर्ती सम्राट यांचे प्रेम मोठ्या तन्मयतेने, ‘वन्स मोअर’च्या आरोळ्या ठोकीत ऐकले आहे. तेथेही गरीब पक्षाला दरबारात उभे राहून आपला हक्क शाबीत करावा लागला, आणि केवळ एक दस्तऐवज, म्हणजे ती अंगठी, वेळेवर हजर करता न आल्यामुळे दावा खर्चासह फेटाळला गेला. दुष्यंताला पुढे पश्चात्ताप झाला खरा, परंतु तोही मासळीच्या पोटातून अस्सल पुरावा हस्तगत झाल्यावर. राजा असो की बिली जोएल, श्रीमंत पक्षाच्या स्मरणशक्तीचा आणि सोयीचा काही गूढ संबंध असावा असा संशय येतो.

एका गीताविषयी मात्र माझ्या मनात निर्भेळ आदर आहे, आणि ते वरील सर्व अमेरिकन गीतांहून वयाने वडील आहे. १९६२ साली ब्रुकलिनच्या ‘क्रिस्टल्स’ या कोवळ्या वयाच्या मुलींच्या मंडळाने ते गायिले. बॅरी मान आणि सिंथिया वाइल या दांपत्याने ते रचले होते आणि फिल स्पेक्टरने ध्वनिमुद्रित केले होते. त्याचेही नाव ‘अपटाउन’च, पण मॅनहॅटनच्या त्याच उत्तरेकडच्या दिशेला येथे चाळवजा घरे आहेत. गाणारी स्त्री सांगते, की आपला माणूस रोज सकाळी खाली शहरात कामाला जातो, तेथे हजारांतला एक नगण्य जीव म्हणून वावरतो, आणि संध्याकाळी जिने चढून तिच्याकडे आला म्हणजे पुन्हा ताठ मानेने उभा राहतो. एवढेच. यात कोणी कोणाकडे अर्ज केलेला नाही, मोत्यांचे आश्वासन नाही, दिमाखदार मोटार येत नाही आणि कोणाची आई आडवी येत नाही. दोघेही गरीब आहेत आणि त्याविषयी त्यांना वरिष्ठांकडे काहीही म्हणणे मांडावयाचे नाही. गीत पहिल्या दहांतही गेले नाही. तेराव्या क्रमांकावर थांबले. ज्या अर्जात विनंतीच नाही त्याची निर्गत तरी कोणी आणि कशी करावी!

‘अपटाउन गर्ल’चे भाग्य मात्र तेथेच संपले नाही. २००१ साली ‘वेस्टलाइफ’ या आयरिश मंडळातील पाच देखण्या तरुणांनी ते पुन्हा गायिले, ‘कॉमिक रिलीफ’ या दारिद्र्यनिवारणासाठी निधी गोळा करणाऱ्या ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी. त्यांच्या चित्रणात मोटारींचा कारखाना जाऊन उपाहारगृह आले, मेस्त्र्यांचे वाढपी झाले, आणि सधन कन्येच्या ठिकाणी क्लॉडिया शिफर ही जर्मन मॉडेल येऊन बसली. गीत पुन्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले, विक्रीतून धर्मादाय निधीत भर पडली, आणि या प्रकारच्या गीतांच्या प्रदीर्घ इतिहासात खऱ्याखुऱ्या गरिबांच्या खात्यावर रोख रक्कम जमा झाल्याची जी मोजकी उदाहरणे सापडतात त्यांत आणखी एकाची नोंद झाली.